वायफाय कॉरिडॉरला की खोलीला?



वसतिगृहांच्या जाहिरातीत ‘मोफत वायफाय’ हमखास असते. नाशिकजवळच्या आमच्या देवळाली कॅम्पातही वेगळे नाही. आत मात्र मुले लॅपटॉप घेऊन जिन्यात बसतात, कारण खोलीचे दार लावले की रेंज जाते. महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज, सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीचा (कॅप) पसंतीक्रम, सारेच आता ऑनलाइन भरावे लागते. त्यामुळे ही तक्रार चैनीची नाही.

व्यवस्थापन म्हणते, ‘आणखी एमबीपीएस घेऊ.’ पण टाकी मोठी बांधून वरच्या मजल्याला पाणी चढत नाही. पाइप नीट टाकावा लागतो. खरी चूक आखणीत आहे. केबल ओढायला सोपे म्हणून राउटर कॉरिडॉरमध्ये टांगले जातात. तिथे ते एकमेकांच्याच लहरींत अडथळा आणतात आणि खोलीत पोचेपर्यंत सिग्नल क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल भिंत बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मुलांचे हॉटस्पॉटही त्यातच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल भरपूर आहेत. २०१८ मध्ये केंद्राने परवानामुक्त पट्टा आणखी वाढवलाही. मात्र तो सिग्नल कॅम्पातल्या जुन्या दगडी भिंतींपुढे लवकर हार मानतो. राउटरची ताकद वाढवूनही भागत नाही. राउटरचे मोबाइलला ऐकू आले, तरी मोबाइलचे क्षीण उत्तर राउटरपर्यंत पोचायला हवे ना!

उपाय सरळ आहे. दोन-चार खोल्यांमागे कमी ताकदीचा एक ॲक्सेस पॉइंट, तोही खोलीच्या आत. त्याच्या केबलसाठी पाइप गिलाव्याआधीच टाकावा. नंतर भिंत फोडणे महाग पडते. निविदेत राउटरची संख्या मोजण्याऐवजी चाचणीची अट हवी: रात्री ९ वाजता, सगळी मुले हजर असताना, दार बंद करून, प्रत्येक टेबलावर साध्या मोबाइलने वेग मोजायचा. त्यात पास झाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये.

‘चांगली रेंज दिली की मुले रील्स बघतात,’ असे काही रेक्टर म्हणतात. त्यासाठी प्रत्येकाच्या वेगाला मर्यादा घालता येते. रेंज कच्ची ठेवणे ही शिस्त नव्हे. उलट दूरच्या एका मोबाइलचे रखडत चाललेले काम इतरांचाही वेळ खाते. केरळ उच्च न्यायालयाने तर २०१९ मध्ये वसतिगृहातल्या मोबाइलबंदीच्या प्रकरणात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली आहे.

आदिवासी मुलांची शासकीय वसतिगृहे पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे. आपल्या वसतिगृहांच्या निविदांत ही चाचणीची अट त्यांनी आधी घालावी. मग खासगी संस्थांकडेही पालकांना ती हक्काने मागता येईल.

– एक पालक, देवळाली कॅम्प