उपचाराची नोंद आणि विश्वासाचे पद

गारखेडा ही संभाजीनगरातील नोकरदारांची वस्ती. अशा सुस्थितीतील घरात दारू शिरली की पहिली धडपड असते ती झाकण्याची. ‘साहेबांना ताप आहे’ असे कार्यालयात दूरध्वनीवरून सांगणारी गृहिणी खोटे बोलते, पण ती कोणाला वाचवीत असते हे सर्वांना ठाऊक असते. उपचारासाठी महिनाभर केंद्रात राहावे असे वैद्य सांगतात तेव्हा घरातून एकच प्रश्न येतो : कचेरीत कळले तर? तिजोरीची चावी, सरकारी वाहन, शस्त्र यांपैकी काही ज्याच्या हाती आहे, त्याच्या घरी हा प्रश्न अधिकच बोचतो.

वास्तविक नियम या भीतीला फारसा आधार देत नाहीत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील २२वा नियम आणि राज्याच्या १९७९च्या नियमांतील तशीच तरतूद पाहावी. कर्तव्यावर असताना अंमलाखाली असू नये, सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये, अतिरेक करू नये, असा त्यांचा आशय आहे. सारा रोख वर्तनावर आहे. ज्याने दारू सोडली त्याला अपात्र ठरविणारा शब्द तेथे नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मनोविकारांना आजाराच्या व्याख्येत घेतले आणि उपचाराची माहिती गोपनीय राखण्याचा अधिकार रुग्णाला दिला.

घोडे अडते ते व्यवहारात. जो पितो आणि कोठेही उपचार घेत नाही, त्याची कागदोपत्री पाटी कोरी राहते. जो धैर्याने केंद्रात दाखल झाला त्याच्या रजेच्या अर्जावर कारण उमटते, आणि पदोन्नतीच्या वेळी त्याच कारणाची कुजबूज होते. प्रामाणिकपणाला दंड आणि लपवालपवीला बक्षीस, असा हा उफराटा न्याय आहे. संविधानाचा ४७वा अनुच्छेद मद्यबंदीचे उद्दिष्ट सांगतो, आणि शासन मात्र आमच्याच वाळूज-चिकलठाण्याच्या मद्यावर शुल्क गोळा करते; तेव्हा त्याच मद्याने आजारी पडलेल्या आपल्या कर्मचाऱ्याबाबत त्याने थोडी तरी जबाबदारी मानावयास हवी.

याचा अर्थ डोळे मिटून चाव्या सोपवाव्यात असा नव्हे. हा आजार उलटतो, हे मान्यच केले पाहिजे. म्हणून कसोटी हवी, पण ती आजच्या आचरणाची. अमेरिकेने गोपनीय कामासाठी माणसे पारखण्याची तत्त्वे २०१७मध्ये नव्याने लागू केली. त्यांत अतिमद्यपान हा शंकेचा मुद्दा आहेच. परंतु दोष कबूल केला, उपाय केले आणि संयम टिकवून दाखविला, तर ती शंका दूर होऊ शकते असेही तेथे लिहिले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात (ते मद्याचे नव्हते, मनोविकाराचे होते) वेतन व सेवाशर्ती राखून, शस्त्राशी संबंध येणार नाही अशा कामाची वाट खुली केली. जोखमीचे काम काही काळ बाजूला ठेवता येते, त्यासाठी माणूस मोडीत काढावा लागत नाही.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये उभारलेल्या मुक्तांगणात एकेकाळचे व्यसनी आज इतरांचे समुपदेशन करतात. नव्याने आलेला रुग्ण तेथे त्यांच्याच स्वाधीन होतो. यापेक्षा मोठे विश्वासाचे पद कोणते?

गारखेड्यातच डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे. रक्तातील साखर तपासण्यासाठी तेथे गेलेला कर्मचारी ओळखीचे कोणी भेटले म्हणून तोंड लपवीत नाही. सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढून एवढे स्पष्ट करावे की, व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी घेतलेली रजा ही आजारपणाची रजा आहे. कार्यमूल्यमापन अहवालात तिच्यावरून उणा शेरा येणार नाही. आणि जोखमीच्या पदासाठी ठरावीक कालावधीतील हजेरी, काम व वैद्यकीय प्रमाणपत्र एवढेच पाहिले जाईल. ते निघेपर्यंत विभागप्रमुखांना एक गोष्ट आजही करता येईल : परतलेल्या सहकाऱ्याला त्याचे टेबल परत द्यावे आणि रजेचे कारण चारचौघांत विचारू नये.