तर्जनीचे बटण

संगणकाची प्रणाली बदलून देणाऱ्या माणसाने निघण्यापूर्वी, ज्याचा तो संगणक आहे त्याला खुर्चीत बसवावे, माउस त्याच्या हातात द्यावा आणि पाच मिनिटे नुसते बघत राहावे. माझी मागणी एवढीच आहे. ती क्षुल्लक वाटेल, पण तशी ती नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरी विंडोज ११ चढवण्याची धांदल उडाली. सुरक्षेसाठी ते करायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सांगलीला गावभागात माझी थोरली बहीण राहते. भाच्याने तिचाही संगणक एका मुलाकडून नवा करून घेतला. त्या मुलाने नवीन खाते उघडले, फोटो आणि फायली इमानदारीने परत आणून ठेवल्या, "सगळं ओके आहे, चालवून बघितलंय" म्हणाला आणि गेला.

त्याने चालवून बघितले, पण स्वतःच्या हाताने. सायकल ओव्हरहॉलिंगला दिली की चकचकीत होऊन येते, पण सीट दुकानदाराच्या उंचीला लावलेली असते, तसलाच हा प्रकार.

अक्काचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर कामातून गेला. ती माउस डाव्या हाताने धरते. त्यामुळे बटणांची अदलाबदल केलेली होती आणि दोन टिचक्यांमधली सवड वाढवून ठेवलेली होती. नव्या खात्यात या दोन्ही गोष्टी मूळपदावर गेल्या. सवयीने तर्जनी दाबली की फाइल उघडण्याऐवजी भलतीच यादी समोर येई. मधल्या बोटाने दोनदा टिचकी मारावी, तर ती सावकाश पडे. मग संगणक तिला दोन वेगळ्या टिचक्या समजे आणि फाइलचे नाव बदलायला घेई. एकदा तर 'ओव्या'चे 'ओव्याककक' झाले.

तिने हे कुणाला सांगितले नाही. आठ दिवस संगणकावर कापड घालून ठेवले. भाऊबीजेला मीच फोनवर विचारले तेव्हा म्हणाली, "अरे, आता डावा हातपण चालला वाटतं माझा."

मला खरा राग आला तो इथे. यंत्रातली एक पट्टी सरकली होती आणि ही बाई दुसऱ्या झटक्याची वाट पाहत बसली होती. तरुण माणूस अशा वेळी यंत्राला शिव्या देतो. म्हातारा माणूस स्वतःच्या हाताकडे बघतो, आणि गप्प बसतो.

साताऱ्याहून फोनवर दुरुस्ती करायची म्हणजे पहिली अडचण शब्दांची. बटणे बदललेल्या माणसाला 'डावी टिचकी, उजवी टिचकी' सांगून नुसता गोंधळ होतो. म्हणून आम्ही ठरवले, 'तर्जनीचे बटण' आणि 'मधल्या बोटाचे बटण' म्हणायचे. मग हात कुठलाही असो. माउस बाजूला ठेवून विंडोजची खूण असलेली कळ आणि 'आय' एकदम दाबली की सेटिंग्ज उघडतात. पुढे टॅब, बाणाच्या कळा आणि एंटर यांवर काम भागते. 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'मध्ये 'माउस'. तिथे मुख्य बटण उजवे केले. लगेच तर्जनी कामाला लागली आणि अक्काचा आवाजही बदलला.

दुहेरी टिचकीचा वेग मात्र तिथे समोर नव्हता. तो 'अ‍ॅडिशनल माउस सेटिंग्ज' उघडल्यावर येणाऱ्या जुन्या वळणाच्या छोट्या खिडकीत होता. ज्याची गरज थरथरत्या बोटांना सर्वांत जास्त, ते सर्वांत आत! मुळात दोन टिचक्यांमध्ये अर्धा सेकंद मिळतो. पट्टी 'स्लो'कडे नेली की सवड वाढते. शेजारी फोल्डरचे चित्र असते, ते दुहेरी टिचकीने उघडले की जमले समजायचे. त्याच खिडकीत 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण होती, ती काढून टाकली. नाव अचूकतेचे असले तरी ती खूण असताना हात जितका झटक्यात हलेल तितका बाण प्रमाणाबाहेर लांब पळतो. धक्के देत हलणाऱ्या हाताला ती अचूकता परवडत नाही. कंट्रोलची कळ दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटण्याची सोय चालू केली, आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त जाऊन बाण मोठा, पिवळा केला. सगळे मिळून पाऊण तास लागला. त्यातली दहा मिनिटे भाच्याच्या लग्नाळू मुलीवर गेली.

"टॅब्लेट घेऊन द्या की आजींना," असे सुचवणारे भेटतातच. नुसते टेकलेले बोटसुद्धा ज्या काचेला आज्ञा वाटते, ती काच थरथरत्या हाताला काय कामाची?

आणि अक्का संगणकावर पत्ते खेळत नाही. आमच्या आईने जात्यावरच्या ओव्या एका वहीत उतरवल्या होत्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती वही भिजली, शाई पसरली. उरलेल्या अक्षरांवरून अख्खी ओळ आठवू शकेल असे माणूस आता एकच आहे, आणि ते एका हाताने टाइप करते.

तिने एका पुठ्ठ्यावर डाव्या हाताने सर्व सेटिंग्ज लिहून तो संगणकाच्या डब्याला चिकटवला आहे. खाली 'हात लावणाऱ्याने आधी वाचावे' अशी सूचना आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी. ओव्या अजून चाळीसेक राहिल्या आहेत. त्यांतल्या नऊ ठिकाणी वहीत नुसताच निळा डाग आहे, तिथे ती सध्या अडली आहे.