एका मीटरचे चार धनी

भावाभावांत तंटा व्हायचा तो शेताच्या बांधावरून, असा आपल्याकडील जुना समज आहे. परंतु गाव सोडून शहरात एका छताखाली राहणाऱ्या आजच्या तरुणांना बेबनावासाठी बांधाची गरज उरलेली नाही. महिन्याकाठी येणारे विजेचे देयक त्यास पुरेसे होते. तंट्याची रक्कम पुष्कळदा दोन-तीनशे रुपयांच्या पलीकडे जात नाही. पण 'मी पंधरा दिवस गावी होतो, मग मी का द्यावे?' हा प्रश्न एकदा उच्चारला गेला की तो रकमेचा राहत नाही. तो विश्वासाचा होतो. म्हणून हा विषय क्षुल्लक मानण्यास आम्ही तयार नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरून देवगडची वाट जेथे फुटते त्या नांदगाव तिठ्यावरून आजवर किती तरुण मुंबईस गेले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही. गिरण्यांच्या काळात हे चाकरमानी गिरगाव, लालबाग, परळ येथील गावकऱ्यांच्या खोल्यांत राहत. एका खोलीत अनेकांची वळकटी असे, जेवण खानावळीत असे, आणि उजेडापुरता एखादा दिवा असे. त्या काळी वाटणीचा प्रश्न सरळ होता. डोकी मोजली आणि भागाकार केला की काम संपत असे. आज त्याच गावची मुले-मुली ठाणे, डोंबिवली, पुणे येथे तिघे-चौघे मिळून सदनिका घेतात. तेथे शीतकपाट आहे, पाणी तापविण्याचे यंत्र आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे, क्वचित वातानुकूलनही आहे. साधने बदलली, राहणी बदलली. वाटणीचे गणित मात्र डोकी मोजण्यापाशीच थांबले आहे.

प्रथम देयक वाचावयास शिकले पाहिजे. पदवीधर माणूसही देयक हाती पडताच खालची रक्कम व अखेरची तारीख एवढेच पाहतो, हे आपल्या शिक्षणास भूषणावह नाही. विजेचे एक युनिट म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालविणे. चालू वाचनातून मागील वाचन वजा केले म्हणजे महिन्याचे युनिट निघतात. पुढे रकमेचे पोटभाग येतात. 'स्थिर आकार' हा घर बंद असले तरी द्यावाच लागतो. 'वीज आकार', 'वहन आकार' आणि 'इंधन समायोजन आकार' हे तिन्ही वापरलेल्या युनिटांवर ठरतात. या साऱ्यांच्या बेरजेवर राज्य शासनाचे सोळा टक्के वीज शुल्क बसते. हे दर विक्रेत्याच्या लहरीवर नसून, १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मंजुरीने ठरतात.

खरी गोम आहे ती दरांच्या टप्प्यांत. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. प्रत्येक वरचा टप्पा खालच्याहून महाग. शंभराचा आकडा ओलांडला की सगळीच युनिटे महाग होतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. महाग होते ते एकशेएकावे युनिट आणि त्यापुढील. पहिली शंभर पहिल्याच दराने राहतात.

आता हे टप्पे एका मीटरमागील चौघांना कसे लागू पडतात ते पाहावे. प्रत्येकी पंचाहत्तर युनिट वापरणारे चौघे चार स्वतंत्र मीटरांवर असते, तर चौघेही पहिल्याच टप्प्यात बसले असते. एका मीटरवर त्यांची तीनशे युनिटे होतात आणि त्यांतील दोनशे दुसऱ्या टप्प्यात जातात. उलटपक्षी, स्थिर आकार चारदा पडण्याऐवजी एकदाच पडतो. म्हणजे एकत्र राहण्यात वीज स्वस्तच पडते असे नाही. काही मिळते, काही जाते.

याहून नाजूक उदाहरण घेऊ. तिघे मिळून एकशेऐंशी युनिटे वापरतात. चौथा येतो, आपल्या खोलीत वातानुकूलन बसवितो, आणि महिन्याचा आकडा चारशेवीसवर जातो. वाढलेल्या दोनशेचाळीस युनिटांपैकी एकशेवीस दुसऱ्या टप्प्यात पडतात आणि एकशेवीस तिसऱ्या, अधिक महाग टप्प्यात. चौघांत सरळ भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्यास एकशेपाच युनिटे येतात. साठ युनिटे वापरणाऱ्या तिघांनी दुसऱ्याच्या गारव्यासाठी पंचेचाळीस युनिटांचा भुर्दंड सोसावा, आणि तोही चढ्या सरासरी दराने, हा न्याय नव्हे. समानता आणि न्याय हे दोन शब्द आपण नेहमी एका दमात उच्चारतो. पण समान वाटणी प्रत्येक वेळी न्याय्य असतेच असे नाही.

मात्र न्यायाच्या नावाने दिवाबत्तीवर पहारा बसविणेही आम्हांस मान्य नाही. दहा वॉटचा दिवा रोज रात्री दहा तास विसरून जळत राहिला तरी महिन्यास तीन युनिटे होतात. पंचाहत्तर वॉटचा पंखा रोज दहा तास चालला तर साडेबावीस होतात. पण दोन हजार वॉटचे पाणी तापविण्याचे यंत्र चौघांसाठी रोज पाव-पाव तास चालले, की महिन्यास साठ युनिटे खर्ची पडतात. भांडण दिव्यावरून होते आणि खर्च स्नानगृहात होतो! अज्ञान असले म्हणजे संशय नेमका चुकीच्या जागी जाऊन बसतो, तो असा.

घर बंद असताना मीटर वाचणारा येऊन परतला, की देयक सरासरीने काढले जाते. गणपतीसाठी सारे बिऱ्हाड कोकणात गेले की हे हमखास घडते. फरक पुढल्या देयकात येतो. पण दरम्यान एखादा भागीदार जागा सोडून गेलेला असतो आणि त्याचा हिशेब नव्याने आलेल्याच्या माथी बसतो. यावर उपाय सोपा आहे. कोणी राहावयास आला वा सोडून गेला, की त्याच दिवशी मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

गॅसची गोष्ट थोडी निराळी. जेथे नळाने गॅस येतो तेथे मीटर घनमीटर मोजतो. काळे आकडे पूर्णांकाचे, तांबडे दशांशाचे, आणि देयकात धरावयाचे ते काळेच. मुंबईत हे देयक दोन महिन्यांचे असते, हे विसरून एका महिन्याच्या खर्चाशी त्याची तुलना करणारे आणि उगाच घाबरणारे थोडे नाहीत. जेथे टाकी येते तेथे घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असला पाहिजे. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच कोरलेले असते. ते त्यात मिळवून टाकी घेतानाच वजन करून मागावे. गॅसची वाटणी डोक्यांवर न करता जेवणांवर करावी. जो दोन्ही वेळा बाहेर जेवतो त्याच्याकडून चुलीचा पूर्ण वाटा घेणे योग्य नव्हे.

भागीदारांचे आपसांतील गणित सुटले तरी घरमालकाचे उरतेच. देयक त्याच्या नावे असते. त्यातील मागील थकबाकी आणि सुरक्षा ठेव ही नव्या राहणाऱ्यांची देणी नव्हेत. ठेवीवर तर व्याज मिळते आणि ती ज्याच्या नावे असते त्यालाच परत जाते. पोटमीटर बसवून मनास येईल त्या एकाच दराने पैसे मागितले जात असतील, तर मूळ देयक पाहावयास मागण्यात कसलाही उद्धटपणा नाही. देयक थकल्यास वीज तोडण्यापूर्वी पुरवठादाराने पंधरा दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे, असे २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते. आणि भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा घरमालकाने तोडू नये, असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ बजावते. करारनामा लिहितानाच विजेचा व गॅसचा हिशेब कसा होईल याचे एक वाक्य त्यात घालावे. पुढची शंभर वाक्ये वाचतील.

आमची सूचना थोडक्यात अशी. स्थिर आकार सर्वांनी सारखा वाटून घ्यावा. नेहमीच्या वापराचा खर्च हजेरीच्या दिवसांवर वाटावा. मोठे उपकरण ज्याचे, त्याने त्याची युनिटे आणि त्यांमुळे ओढवलेला वरचा दर सोसावा. देयक कोणा एकाच्या खिशात न राहता भिंतीवर लागावे. पैसे गोळा करणारा दर तीन महिन्यांनी बदलावा, म्हणजे प्रत्येकास एकदा तरी तो कागद पूर्ण वाचावा लागेल.

वीज कंपन्यांचेही येथे कर्तव्य आहे. टप्प्यांचे एक सोडविलेले उदाहरण देयकाच्या पाठीवर सुबोध मराठीत छापण्यास कागद अधिक लागणार नाही. शाळांनीही चक्रवाढ व्याजाच्या जोडीला घरचे एक देयक मुलांपुढे ठेवावे. हौदात दोन तोट्यांनी पाणी किती वेळात भरेल, हे ज्यांना आपण शिकविले, त्यांना आपल्या वाट्याचे देणे किती हे कळू नये, हा दोष त्यांचा नव्हे.

परगावी एकत्र राहणाऱ्या तरुणांस घर सोडल्यावरचे पहिले घर ते हेच. पहाटेच्या गाडीने आलेल्या गाववाल्यास उतरावयास जागा मिळते ती येथे, आणि आजारपणात उशाशी बसणारा माणूस मिळतो तोही येथेच. आकडेमोडीच्या आळसापायी असे घर मोडू देणे परवडणारे नाही. चोख हिशेबाने स्नेह आटतो, ही भीती व्यर्थ आहे. स्नेह आटतो तो मनात ठेवलेल्या हिशेबाने. तेव्हा हिशेब मनातून काढून कागदावर मांडावा, आणि मन मोकळे ठेवावे.