उपायाआधीं विचारपूस

प्राथमिक वर्गांतील मुलांस हल्लीं 'एखादी अडचण शोधा व तीवर उपाय सुचवा' असा पाठ देण्यांत येतो. प्रघात चांगला आहे. परंतु ज्याची अडचण त्याला आधीं विचारावयाचें शिकविलें नाहीं, तर तो नुसता चित्रकलेचा तास होऊन बसतो, असें माझें मत आहे.

चौथीच्या वर्गास मीं एकदां सांगितलें, "पहिलीच्या मुलांस पाण्याचा नळ उंच पडतो, काय करावें?" पांच मिनिटांत फळा भरला. कोणी पायरी बांधली, कोणी नळ खालीं आणला, एकानें तर कारंजेंच काढलें! मग त्यांस मधल्या सुट्टींत लहानग्यांशीं बोलण्यास धाडलें. परत आलीं तेव्हां मुलें गप्प होतीं. नळ कोणासच उंच पडत नव्हता. मोठीं मुलें ढकलतात म्हणून लहानगीं तहानेलीं परततात, आणि ढकलणाऱ्यांत आमच्याच वर्गांतले दोघे-चौघे होते. चूक मुळांत माझी. अडचण मींच न विचारतां नेमून दिली होती.

थोरांच्या हातूनही हेंच घडतें. आपल्या भागांतील पालकांस ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावयास नको. किल्लारी परिसरांत हजारों माणसें दगडामातीच्या भिंतींखालीं व माळवदांखालीं गेलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जमिनीच्या मानानें २५०, ४०० व ७५० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. धांवून आलेल्यांविषयीं माझ्या मनांत कृतज्ञताच आहे. शिवाय भयापोटीं त्या वेळीं लोकांसच दगड नकोसा झाला होता. तथापि पुष्कळ ठिकाणीं नकाशा शहरी वसाहतीचा निघाला : रुंद सरळ रस्ते, सुटीं सुटीं घरें. गुरें कोठें बांधावीं, कडबा कोठें रचावा, शेजारणींनीं कोणत्या ओट्यावर बसावें, हें त्यांत नव्हतें. मग घराला लागून पत्र्याचे आडोसे उभे राहिले. उलट जीं घरें जागच्या जागीं दुरुस्त व्हावयाचीं होतीं, त्या गांवांत स्त्रियांस 'संवाद सहायक' नेमण्यांत आलें. त्या घरोघर विचारपूस करीत.

ह्यानें अभ्यास मागें पडतो, अशी कांहीं पालकांची तक्रार आहे. पडतो खरा, आमचे दोन तास त्या नळापायीं गेले. चौथीनें ठरविलें कीं, पहिलीची सुट्टी पांच मिनिटें आधीं व्हावी. पण ह्या वेळीं तीं मुलें आधीं विचारावयास गेलीं. पहिलीनें साफ नकार दिला. त्यांना आपल्या दादा-ताईंबरोबरच पाणी प्यावयाचें होतें. फळा पुन्हां पुसावा लागला.