सांगायला येईन

१९७३ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाच्या शिवारात पाझर तलावाचे काम निघाले होते. पैठण तालुक्यातले गाव, पाठोपाठचा दुष्काळ. आई खडी फोडायला जायची आणि मी तिच्या मागोमाग, सुकडीच्या आशेने. दुपारी वाटलेली सुकडी आई पदरात बांधून ठेवायची, घरच्या धाकट्यांसाठी. एका दुपारी भागातले आमदार आले. जीप सडकेलाच सोडून ढेकळांतून चालत आले आणि बाभळीखाली बाकीच्यांसारखेच मातीत टेकले. सदऱ्याच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि अधिवेशनात आपण काय बोललो ते सांगू लागले. आधी मुंबईचे, मग दिल्लीत काय चालले होते तेही. रेशनवर येणारी तांबडी मिलो ज्वारी कुठल्या देशातून येते, ती कमी का पडते, हेसुद्धा त्यांनी सांगितले. बायका हातातली हातोडी खाली ठेवून ऐकत होत्या.

आई म्हणाली, "अण्णा, ते समदं खरं. पर पंधरा रोज झाले, हप्ता मिळंना."

"माय, हेच विचारलं मी सभागृहात. मंत्री म्हणाले, चौकशी करू. अजून झालेली नाही. झाली की सांगायला येईन."

मृगाच्या तोंडावर ते खरेच आले. निम्मा हप्ता सुटला होता, निम्मा अडकला होता. अडकलेल्या निम्म्याचेही त्यांनी तसेच, मान खाली न घालता सांगितले. पुढे आयुष्यभर आई त्यांच्या पक्षाला मत देत राहिली असे नाही. पण त्यांचे नाव निघाले की ती म्हणायची, "तो सांगायला आलता."

यंदाचा दिवाळी अंक जुळवताना ही दुपार सारखी आठवत राहिली. त्या दुष्काळातल्या कामांतूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुरीला पैसा मिळत राहिला. २००५ मध्ये देशासाठी तसाच कायदा झाला. त्यात मजुरी पंधरा दिवसांच्या आत देण्याची अट होती. आईचे ते पंधरा रोज दिल्लीच्या कायद्यात आलेले वाचले तेव्हा ती हयात नव्हती. बांधावरचे गाऱ्हाणे सभागृहापर्यंत जाते, आणि सभागृहातला शब्द बांधावर परत येतो. ही ने-आण करणारा माणूस म्हणजे लोकप्रतिनिधी. नेण्याचे काम कमीअधिक सगळेच करतात. परत आणून सांगण्याचे काम मात्र आपल्या डोळ्यांदेखत आटत चालले आहे, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

आपल्या औरंगाबाद मतदारसंघाला बोलणाऱ्या माणसांचे वावडे कधीच नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५७ मध्ये इथूनच लोकसभेवर गेले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये बापू काळदाते गेले. त्यांचे भाषण ऐकायला माणसे मैलोनमैल सायकली हाणत येत. १९८० मध्ये काजी सलीम यांच्यासारखा उर्दू कवी आपण निवडला, २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांच्यासारखा दूरचित्रवाणीचा पत्रकार. संन्यासी, वक्ता, कवी, पत्रकार. पक्ष वेगळे, विचार वेगळे, पण सगळी शब्दांवर जगलेली माणसे. शब्दाची एवढी जाण असलेल्या मतदारसंघाने आपल्या प्रतिनिधीकडून शब्दाचा हिशेब मागायला संकोचू नये.

खेड्यात हा हिशेब कायद्यानेच बांधून दिला आहे. सरपंचाला ग्रामसभेपुढे जमाखर्च मांडावा लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी शाळेच्या ओट्यावर किंवा मारुतीच्या पारावर जी सभा भरते, तिच्यात कोणीही उठून विचारू शकते की मोटारीच्या दुरुस्तीला एवढे पैसे कसे लागले. सगळीकडे ती नीट भरते असे नाही; कोरम भरल्याच्या सह्या घरोघर फिरून घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. पण वाळूजजवळच्या पाटोद्यात काय झाले तेही आपण पाहिले. भास्करराव पेरे पाटील यांच्या कारभारात त्या गावाने कर भरणाऱ्या घराचे दळण फुकट दळून दिले. कराचा पैसा पिठाच्या रूपाने बाईच्या डब्यात परत आलेला दिसला, तेव्हा वसुलीसाठी कोणाच्या दारात बसायची वेळ राहिली नाही. ज्याला हिशेब दिसतो, तो आपणहून देतो.

आमदार-खासदारांवर असे बंधन नाही. त्यांचे कार्यअहवाल निघतात, गुळगुळीत कागदावर, सुरेख छापलेले. त्यात सभामंडप असतात, पेव्हर ब्लॉक असतात, हायमास्ट दिवे असतात. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात. त्यांचा हिशेब द्यायलाच हवा. पण पेव्हर ब्लॉक दुसरेही कोणी बसवू शकते. लोकसभेत एखाद्या विधेयकावर हात वर करणे किंवा न करणे, तारांकित प्रश्न लावणे, विधानसभेत लक्षवेधी मांडणे, हे आपल्या वतीने फक्त तेच करू शकतात. नेमके तेच अहवालात सापडत नाही. कोणत्या विधेयकाच्या बाजूने मत दिले आणि का, कोणता प्रश्न लावला आणि काय उत्तर आले, उत्तर चुकीचे होते तर पुढे काय केले, यासाठी एखादे पान निघायला हवे.

२०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठ पाण्याखाली गेला. उभे सोयाबीन कुजले, कपाशीची बोंडे काळी पडली, कित्येक ठिकाणी मातीच खरडून गेली. पंचनाम्याला तलाठी आला, फोटो काढून गेला. मग शेतकऱ्याने विचारले की हेक्टरी साडेआठ हजार हा आकडा कोणी काढला? तो केंद्राच्या तेव्हाच्या निकषांतला होता: जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० रुपये. दर दिल्लीत ठरतो, वरची भर मुंबईत ठरते, पंचनामा गावात होतो. यातले नेमके काय कुठे अडले, हे त्या माणसाला त्याच्या बांधावर उभे राहून कोण सांगणार? शेतात जाऊन धीर देणारे पुष्कळ होते, त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण आमच्या बाभळीखाली आलेला तो कागद या वेळी फारसा कुठे दिसला नाही.

शहराची गोष्ट याहून अवघड. जायकवाडी धरणाचा नाथसागर तेव्हा भरून वाहिला आणि आपल्या वस्त्यांत नळाला पाणी कुठे पाचव्या, कुठे आठव्या दिवशी. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या पाणी योजनेचे भूमिपूजन झाले. ती पुढे केंद्राच्या अमृत २.० मध्ये गेली, खर्च २,७४० कोटींवर पोहोचला, आणि कामाच्या गतीवर उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. हंडे भरून ठेवणाऱ्या घराला हा सगळा प्रवास वर्तमानपत्रातल्या तुकड्यांवरून जुळवावा लागतो. एप्रिल २०२० पासून महापालिकेत प्रशासक होता. ११५ वॉर्डांचे हे शहर साडेपाच वर्षांहून अधिक काळ एकाही नगरसेवकाविना चालले. अधिकारी काम करतात, पण रात्री साडेअकराला ज्याच्या घराची कडी वाजवता येते असा माणूस नसला की गल्लीचे काय होते, ते आपण सगळ्यांनी अनुभवले. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घातली. पुढची निवडणूक कोणतीही असो, उमेदवार दारात उभे राहतीलच.

त्यांना चहा द्या, लाडू द्या. आणि निवडून आल्यावर सांगायला कधी येणार, हे तारखेसह विचारा.

या अंकात कथा आहेत, कविता आहेत, गोदाकाठच्या पुरावरचा एक दीर्घ लेख आहे. शेवटची दोन पाने आम्ही कोरी सोडली आहेत. एकावर तुमच्या गल्लीचा किंवा गावाचा एक प्रश्न लिहा, ते कापून आपल्या प्रतिनिधीच्या हातात द्या. दुसरे पान त्यांच्या उत्तरासाठी आहे. उत्तर आले तर ते पान आमच्याकडे पाठवा. नाही आले तर कोरेच पाठवा, तारीख घालून. पुढच्या दिवाळीत दोन्ही प्रकारची पाने छापू.