रद्दीत टाकू नयेत असे कागद

निवृत्तीनंतर दम लागू लागला की घरची माणसे म्हणतात, "वय झालं आता!" पण उमेदीची वर्षे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत गेली असतील, तर दोष वयाचाच असेल असे नाही. मुंबईतील अशा एका कारखान्याच्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साधारण दर पाच जणांमागे एकाला अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला.

हे बारीक तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि रोग कित्येकदा वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर, जपण्याचे बंधन मालकांवर घातले. त्या प्रकरणात रोग प्रमाणित होईल त्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईही ठरवली.

मात्र भरपाई मागताना रोग कोणता आणि तो कुठल्या कामातून जडला, हे दाखवावे लागते. तेव्हा नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ईएसआय कार्ड आणि जुने एक्स-रे जपून ठेवावेत. डॉक्टरांनाही वयाबरोबर जुने काम सांगावे. उद्या कामगार हयात नसला, तर त्याच्या पत्नीच्या हाती हेच कागद उरतात.