शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात एका व्यासंगी गृहस्थांचं व्याख्यान झालं. विषय, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. ही संस्कृती मी परकर नेसत होते तेव्हापासून ऱ्हास पावते आहे आणि अजून पुरती संपलेली नाही, तिच्या चिवटपणाचं कौतुकच करायला हवं. यंदा खापर मोबाइलवर न फुटता प्रेमकादंबऱ्यांवर फुटलं. आजच्या काळातल्या, नोकरी करणाऱ्या, घरभाडं भरणाऱ्या माणसांच्या ज्या प्रेमकथा इंग्रजीत धडाधड निघतात आणि आमच्या मुली (व मुलींच्या आया) किंडलवर ज्यांचा फडशा पाडतात, त्या.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. या कादंबऱ्या साच्यातून काढलेल्या असतात. त्या वास्तवापासून पळ काढायला शिकवतात. त्या वाचून बायकांच्या अपेक्षा वाढतात. आणि मुख्य म्हणजे त्यांचा शेवट पहिल्याच पानावर कळतो, सबब ते साहित्य नव्हे. प्रश्नोत्तरांत मी विचारलं, "आपण यातली कुठली वाचलीत?" तर म्हणाले, "ताई, शितावरून भाताची परीक्षा होते." होते की! पण शीत बोटानं दाबून तरी पाहावं लागतं. यांनी भांड्यावरचं झाकणही उचललेलं नव्हतं.

अशा कादंबऱ्यांची खिल्ली उडवणं काही नवीन नाही. जॉर्ज एलियटनं 1856 साली 'लेखिकांच्या बाष्कळ कादंबऱ्यां'वर एक जहरी लेख लिहिला होता. तो आजही वाचताना हसू येतं, कारण बाईंनी त्या कादंबऱ्या खरोखर वाचल्या होत्या.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढते. साचा? सुनीतालाही चौदा ओळींचा साचा असतो. पळ? दिवसभर ऑफिस, लोकल आणि सासऱ्यांची औषधं सांभाळून रात्री अकराला पुस्तक उघडणाऱ्या बाईला वास्तव कुणी शिकवू नये. अपेक्षा वाढतात? वाढू देत.

आता शेवटाबद्दल. याच व्याख्यानात गृहस्थांनी 'पानिपत' या कादंबरीची भरभरून स्तुती केली. स्तुती रास्तच आहे. पण 14 जानेवारी 1761 ला काय झालं हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. भाऊसाहेब परत येत नाहीत. विश्वासरावांना गोळी लागते. तरी शेकडो पानं आपण छातीत धडधड घेऊन वाचतो आणि 'आता तरी होळकर थांबतील' अशी वेडी आशा करतो. तिथे शेवट ठाऊक असणं आड येत नाही. म्हणजे शेवटी सगळे मेले तर चालतं, दोघं जगून एकत्र चहा प्यायले की मात्र साहित्य बाटतं!

बरं, तो इतिहास म्हणून सोडून देऊ. नाथांचं रुक्मिणीस्वयंवर घ्या. लग्न जमावं म्हणून मुलींनी त्याचं पारायण करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गोष्ट काय, तर मुलगी आपल्या मनातल्या पुरुषाला पत्र पाठवते, भाऊ दुसरंच स्थळ पुढे करतो आणि नायक ऐनवेळी रथ घेऊन येतो. हा साचा नाही तर काय आहे? कृष्ण रथ आणायला विसरेल अशी धास्ती घेऊन आजवर कुणी पारायणाला बसलेलं नाही. कीर्तनाला जाणाऱ्यांनाही आख्यान ठाऊकच असतं. बुवा आज ते कसं रंगवतात, हे ऐकायला ती माणसं सतरंजीवर मांडी घालून बसतात. गाण्यातही तेच. सम कुठे येणार हे ज्याला आधीपासून कळतं, त्याचीच मान समेवर डोलते.

प्रेमकादंबरीची सराईत वाचक अशीच समेकडे कान लावून असते. माझी वहिनी आणि मी बऱ्याचदा एकच पुस्तक एकाच वेळी वाचतो. किंडलवर किती टक्के झालं ते दिसतं. साधारण ऐंशीच्या आसपास दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, हा अलिखित नियम. "लागली का ठिणगी?" असा वहिनीचा मेसेज येतो. भांडण होणार हे पक्कं असतं, मिटणार हेही पक्कं असतं. बघायचं एवढंच की ते या दोन माणसांच्या स्वभावातून पेटलंय की लेखिकेनं बाहेरून आणून पेटवलंय. एका फोननं सुटेल असा गैरसमज असला की आम्ही दोघी जी निर्दय समीक्षा करतो, ती त्या सभागृहात कुणाला झेपली नसती.

आमच्याकडे 'रंजनवादी' हा शब्द शिवीसारखा वापरायची पद्धत आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात तर दोन पिढ्यांचे घसे बसले. त्यातून काय निघालं, मला विचारू नका. 1962 च्या एका दिवाळी अंकातली प्रेमाची गोष्ट अश्लील ठरवायला लोक कोर्टात गेले होते. देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टानं 1969 मध्ये लेखकाला सोडलं. स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेखही वर्ज्य ठरवला तर तरुणांनी केवळ धार्मिक पुस्तकंच वाचावीत काय, असा त्या निकालातला रोख होता. (आणि धार्मिक पुस्तकांत काय काय असतं, हे रुक्मिणीस्वयंवर वाचलेल्यांनी सांगावं.) आता कुणी कोर्टात जात नाही, व्याख्यान देतात. ही प्रगतीच म्हणायची.

सगळंच चांगलं असतं असा माझा दावा नाही. 1972 चं 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' अफाट खपलं, आणि त्यातला नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो. ते मला आजही वाचवत नाही. पण याच लेखनप्रकारात 2018 साली हेलन होआंगची 'द किस कोशंट' येते. नायिका ऑटिस्टिक, आकडेमोडीत हुशार, स्पर्शाला बिचकणारी. तिला काय चालेल नि काय नाही, हे विचारत विचारत पुढे जाणारा पुरुष त्यात आहे. टालिया हिबर्टच्या क्लोई ब्राऊनला फायब्रोमायल्जिया आहे. प्रेम जमतं, तिचं दुखणं मात्र कादंबरी संपली तरी बरं होत नाही. दुखणाऱ्या बाईवरही कुणी प्रेम करतं, हे किती 'वास्तववादी' कादंबऱ्यांनी आपल्याला दाखवलं?

मला त्यात सुख कशाचं, म्हणाल तर बोलण्याचं. दोन माणसं तीनशे पानं एकमेकांशी बोलतात, चुकतात, पुन्हा बोलतात, आणि त्यातलं एक जण दुसऱ्यानं पन्नास पानांपूर्वी सहज म्हटलेलं लक्षात ठेवतं. याहून भारदस्त समर्थन माझ्याकडे नाही. गृहस्थांनी त्या दिवशी शिफारस केलेली दुसरी एक कादंबरी मी दुसऱ्याच दिवशी वाचनालयातून आणली. मागच्या चिठ्ठीवर नऊ वर्षांत दोन तारखांचे शिक्के होते, त्यातला एक माझा. कादंबरी चांगली आहे. शेवटी नायक नदीकडे चालत जातो. चौथ्या पानावर मला ते कळलं होतं.

हा लेख पुरा करायचा म्हणून हातातलं पुस्तक अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर थांबवलंय. ती दार आपटून आईकडे गेली आहे, तो स्वयंपाकघरात तसाच उभा आहे. वहिनीचे मेसेज तीन झाले.